चौकटीची चिंधी

कामतघर, भिवंडी
८ ऑक्टोबर २०२४

दादा,

जय भीम लिहिते आहे. तू वाचताना तुला हवं ते वाच.

फोनवर मी भांडते, म्हणून लिहून पाठव, प्रार्थनापूर्वक वाचीन, असं तू म्हणालास. बरं. आता नवापूरच्या तुझ्या मिशनच्या पत्त्यावर भांडण पोस्टाने येईल, एवढाच फरक.

आबांचा बाप्तिस्मा झाला. फोटो तुला पास्टरांनी पाठवलेच असतील. फोटोत न आलेलं सांगते. वज्रेश्वरीला नदीवर गेलो होतो. आबा गुडघाभर पाण्यात उभे राहून थरथरत होते. पास्टरांनी पाठीला हात देऊन त्यांना आडवं केलं, बुडवलं, वर काढलं. सगळ्यांनी गाणं सुरू केलं. आणि आपल्या पूज्य वडिलांचं नव्या जन्मातलं पहिलं वाक्य काय, तर "गरम पान्याचं कुंड कुठं हाय?" मग तासभर कुंडात गुडघे शेकत बसले. आई काठावर टॉवेल धरून उभी. कोणीतरी तिला म्हणालं, मावशी, तुम्हीपण उतरा ना पाण्यात. ती म्हणाली, "मी सकाळीच आंगोळ केलीय."

हसू नकोस. किंवा हस. तू हसल्याचं ऐकून फार वर्षं झाली.

खोटं बोलणार नाही, आबांची दारू सुटली. पावसाळ्याच्या आधीपासून एक थेंब नाही. विहारातल्या लोकांनी समजावलं, आईने पाया पडून सांगितलं, मी पोलिसांची भीती घातली, कशानेच झालं नव्हतं. ते तुझ्या कशेळीच्या पास्टरांनी केलं. तूही असाच सुटलास, हे मी विसरलेले नाही. आबांच्या जोडीने बाटली घेऊन बसणारा माझा भाऊ मला आठवतो, आणि त्याच्यापेक्षा पांढऱ्या शर्टातला ब्रदर भूषण बरा. नावातला 'बुद्ध' कुठे ठेवून आलास, तेवढं मात्र एकदा सांग. आईने हौसेने ठेवला होता. आबांचं लिव्हर प्रार्थनेच्या आधीच गेलेलं असल्यामुळे डॉक्टर मात्र फार आशा देत नाहीत.

रविवारी कशेळीच्या हॉलमध्ये आबांची साक्ष आहे. साक्ष म्हणजे काय ते मला तुझ्या मेहुण्यानेच, कुणालने समजावलं. त्याच्या कंपनीत एक विश्वासी, म्हणजे तुमच्यातलाच एक जण, आहे. उभं राहून सांगायचं, आधी मी कसा होतो आणि प्रभूने मला कसं बदललं. आईलाही बोलावलंय. तिने हिरवी जरीची साडी काढून ठेवलीय. तिला वाटतंय, आबा चारचौघांत तिचं नाव घेतील. म्हणतील, हिने संसार ओढला. जन्मात कधी म्हणाले नाहीत, तर निदान देवासमोर म्हणतील.

दिना

१६ ऑक्टोबर २०२४

दादा,

तुला आधीच माहीत होतं.

मी तीन दिवस थांबले, राग उतरला की लिहीन म्हणून. उतरला नाही, म्हणून तसाच पाठवते.

तो हॉल तू पाहिलायस. खाली गोदाम, वर सभा. आबा टेम्पो चालवायचे तेव्हा कापडाचे तागे त्याच गोदामात उतरवायचे. जिना चढताना ते कौतुकाने सांगत होते. आई दुसऱ्या रांगेत बसली. हिरवी साडी, केसात गजरा, उजवा हात नेहमीसारखा पदराखाली. आबा माईकपाशी गेले. कागद हातात नव्हता, सगळं पाठ होतं. कोणी पाठ करून घेतलं ते मला आता कळलंय.

"मी लय पापी मानूस व्हतो," आबा म्हणाले. लोक म्हणाले, प्रभूची स्तुती. "दारू प्यायचो, शिव्या द्यायचो." प्रभूची स्तुती. "ही माझी बायको बसलीय, शेवंता. एकदा ही पोरान्ला घेऊन म्हायेरी चालली व्हती. दाराच्या चौकटीला हात धरून उभी व्हती. मी लोखंडी दार ओढलं. बघून ओढलं. बोटं मोडली तिची. लोकान्ला सांगितलं, लूममदी हात गेला. एवढा मी पापी. तरी प्रभूनं मला धुतलं!"

दादा, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पास्टरांनी आबांना मिठी मारली. कीबोर्डवाल्याने गाणं धरलं. एक उत्तर भारतीय बाई रडत रडत आईकडे आली, पदराखालून तिचा तो हात बाहेर काढला, वाकडी बोटं आपल्या डोळ्यांना लावली आणि म्हणाली, "बहनजी, कितनी बड़ी कृपा हुई है आपके घर पे." आई तिच्याकडे बघत राहिली. हात सोडवून घेतला आणि परत पदराखाली ठेवला.

मी जन्मभर लूमला शिव्या दिल्या. आई ज्या लूमच्या कारखान्यात सुताची कांडी भरायला जायची, त्या शेठला मी लहानपणी रस्त्यात दगड मारला होता, तुला आठवत असेल. तो बिचारा आई दवाखान्यात असताना सफरचंदं घेऊन आला होता. आणि आपल्या दाराच्या चौकटीला आईने बांधलेली चिंधी! जुन्या लुगड्याची पट्टी, घट्ट गुंडाळलेली. दर वर्षी नवीन. आपण विचारलं की म्हणायची, दार वाजतं. दार आपटलं की ती आपल्याला जेवढी बोलायची तेवढी नापास झाल्यावरही बोलली नाही. आपण तिची नक्कल करायचो. तूच जास्त करायचास. मला त्या नकलेची आता शिसारी येते.

परत येताना रिक्षात आबा खुशीत होते. भूषणला फोन लाव म्हणाले. तू उचललास आणि म्हणालास, "आबा, सगळं सांगितलंत ना? हाताचंसुद्धा?" स्पीकरवर होतं. तेव्हा मला कळलं की तू त्यांच्याकडून तयारी करून घेतली होतीस. आईला विचारावं, तिला आधी सांगावं, एवढंही तुझ्या डोक्यात आलं नाही. आई कशेळीच्या खाडीकडे बघत बसली होती. ट्रॅफिकमध्ये रिक्षा उभी राहिली तेव्हा ती हळूच मला म्हणाली, "ते माझं व्हतं गं. त्यानं सांगायचं नव्हतं."

घरी आल्यावर तिने साडी बदलली, पिशवी भरली आणि आमच्याकडे राहायला आली. दोन गल्ल्या पलीकडे. या वेळी तिला कोणी अडवलं नाही.

मी आबांना विचारलं. भांडले नाही, शपथ. म्हटलं, आबा, ऐंशी माणसांना सांगितलंत, आता तिला एकटीला विचारा. माफ कर म्हणा. ते म्हणाले, "देवानं माफ केलं की. मोठ्या सायबानं सही केल्यावर खालच्या क्लार्ककडं कशाला जायचं?"

आपल्या आईला ते क्लार्क म्हणाले.

मी आईला विचारलं, तुला काय हवंय? ती म्हणाली, "त्यानं माझ्यासमोर बसून मला इचारावं. बस. मंग मी काय बोलायचं ते माझं मी बघीन." दादा, डॉक्टर म्हणतात, फार तर उन्हाळ्यापर्यंत. आबा फक्त तुझं ऐकतात. तू त्यांना सांग. दुसरं काही मागत नाही. सगळी शास्त्रं तुझ्याकडे ठेव, एवढं एक वाक्य त्यांना सांग.

दिना

२८ डिसेंबर २०२४

दादा,

तुझं उत्तर मिळालं. चार पानं. अक्षर छान आहे तुझं, तेवढं बदललं नाही.

तू लिहितोस, कृपा कमवता येत नाही, ती फुकट मिळते. माणसाने काही करून तारण होत नाही, फक्त विश्वासाने होतं. आबांना क्षमा मिळालीय. आता त्यांना माणसांच्या दारोदार क्षमा मागायला लावलं तर प्रभूचं रक्त कमी पडलं असं म्हटल्यासारखं होईल. हे सगळं मी दोनदा वाचलं. मग तिसऱ्या पानावर तू लिहितोस की, आईने आबांना मनातून माफ करावं, कारण जो क्षमा करत नाही त्याला न्यायाच्या दिवशी उत्तर द्यावं लागेल.

वा! म्हणजे ज्याने मारलं त्याचं प्रकरण मिटलं, आणि जिने मार खाल्ला तिची सुनावणी अजून व्हायचीय. दाराने बोटं मोडणारा आत, आणि मोडलेली बोटं घेऊन ही बाहेर उभी. कोणत्या कोर्टात असं चालतं, ते तुझ्या पास्टरांना विचार.

चौथ्या पानावर तू लिहिलंयस की आईच्या आत्म्याच्या काळजीने तुला झोप येत नाही. ते मला खरं वाटलं. त्या पानावर शाई पसरलीय. म्हणूनच मला तुझा जास्त राग येतो. तू ढोंगी असतास तर सोपं होतं.

नाताळच्या दिवशी तू आईला फोन केलास. तुला तिकडून फक्त "बरं, बरं" ऐकू आलं असेल. इकडचं सांगते. ती भाजी निवडत होती. फोन मी तिच्या कानाशी धरला होता, म्हणून मला सगळं ऐकू येत होतं. तू म्हणालास, आई, विश्वास ठेव, म्हणजे आपण सगळे तिथे एकत्र असू. तिने विचारलं, "बाळाराम असंल?" आबांचं नाव तिने कधी घेतलेलं ऐकलं होतंस? तू म्हणालास, हो, आबा असतीलच. तिने विचारलं, "तिथं तो मला इचारंल?" तुला कळलं नाही. ती म्हणाली, "हाताचं." मग तू अगदी प्रेमाने म्हणालास, आई, तिथे मागचं काही आठवत नाही, सगळे अश्रू पुसलेले असतात, तुझी बोटंसुद्धा सरळ होतील.

ती "बरं, बरं" म्हणाली आणि मला फोन ठेवायची खूण केली. मग मेथीची जुडी सोडत म्हणाली, "बोटं सरळ झाली तर कोन कशाला इचारंल? मी न्हाय येत तिथं. कुनीतरी ध्यानात ठेवाया पायजे."

आबांना अजून तू काही सांगितलेलं नाहीस. मी रोज विचारते.

दिना

९ फेब्रुवारी २०२५

दादा,

तू घरी ठेवून गेलास ते काळ्या कव्हरचं पुस्तक मी वाचते आहे. खूश होऊ नकोस. भांडायला मुद्दे हवेत म्हणून वाचते आहे. माझ्या कामाच्या गोदामात डिस्पॅचला गाड्या उशिरा लागतात, तेव्हा टेबलाखाली धरून.

एक कबूल करते. काही पानं मला आवडली. तो मालक, जो संध्याकाळी कामाला आलेल्या मजुरालाही सकाळपासून राबणाऱ्याइतकीच मजुरी देतो. इथे कुठल्या शेठने सेकंड शिफ्टला असं केलं तर कारखान्यात दंगल होईल. तरी मला आवडलं. मला वाटलं, असा मालक असेल तर असू दे. आबांसारख्यालाही तो आत घेत असेल तर घेऊ दे, मी कोण अडवणार? हे मी आईला सांगितलेलं नाही. तूही कोणाला सांगू नकोस.

पण दुसरंही एक पान सापडलं. देवापुढे काही अर्पण करायला निघालास आणि वाटेत आठवलं की कोणाचं तरी मन आपल्यामुळे दुखलंय, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी मिटव, मग ये. हे तुमच्याच पुस्तकात आहे. तुमच्याच प्रभूच्या तोंडी आहे. ते पान कशेळीच्या हॉलमध्ये वाचत नाहीत का? का नवापूरला पोहोचलेल्या प्रतीत ते छापायचं राहिलं?

आबांचं पोट फुगलंय, डोळे पिवळे झालेत. आई रोज सकाळी जाते. त्यांना पुसते, पेज भरवते, कपडे धुते, संध्याकाळी परत येते. बोलत नाही. आबा म्हणतात, "शेवंता, मीठ कमी हाय." ती मीठ घालते. परवा मी पाहिलं, ती चमच्याने पेज भरवत होती आणि आबा तिच्या बोटांकडे बघत होते. बराच वेळ. काहीतरी येत होतं त्यांच्या ओठांवर. मग त्यांनी डोळे मिटले आणि तू शिकवलेली प्रार्थना म्हणायला लागले.

ते घाबरलेत, दादा. मरणाला नाही. तिला घाबरलेत. तू एक शब्द बोललास तर ते धाडस करतील. मी पाया पडते तुझ्या.

दिना

२६ मार्च २०२५

दादा,

काल तू गाडीत बसलास तेव्हा मी काही बोलले नाही. स्टँडवर तुझ्या मंडळींसमोर तमाशा नको होता.

आबांची माती तुमच्या पद्धतीने झाली. आपल्या भावकीला ते आवडलं नाही. विहारातले लोक म्हणत होते, वंदना घ्या, अग्नी द्या. आईनेच सांगितलं, "त्याला पायजे तिथं ठेवा. त्याची इच्छा हाय." तुला वाटलं, आईचं मन वळतंय. तुझ्या चेहऱ्यावर तसं दिसत होतं.

तू कबरीपाशी उभा राहून काय बोललास ते मला शब्दन् शब्द आठवतं. म्हणालास, माझे वडील पूर्ण शांतीत गेले. शेवटच्या क्षणी त्यांच्या मनावर एकही ओझं नव्हतं. मी फोनवर त्यांच्यासोबत होतो, मी साक्षी आहे.

मीही साक्षी आहे. फोन माझ्या हातात होता. आता माझी साक्ष ऐक.

दुपारची वेळ होती. शेजारच्या कारखान्यातले लूम चालू होते, तुला मागे खटखट ऐकू आली असेल. आबा सकाळपासून अस्वस्थ होते. चादर ओढायचे, सोडायचे. भूषणला लाव म्हणाले, म्हणून मी तुला लावला आणि स्पीकर सुरू करून त्यांच्या उशीपाशी धरला. आई आत मोरीपाशी पेजेचं भांडं घासत होती. आणि तू "आबा" म्हणायच्या आतच ते मोठ्याने म्हणाले, "शेवंताला बोलव. मला तिला बोलायचंय. हाताचं बोलायचंय."

तू ऐकलंस. ऐकलं नाही असं म्हणू नकोस.

आत भांड्याचा आवाज थांबला. आई ओल्या हाताने दारात आली. मधल्या दारात, उंबऱ्यावर. आबांना ती दिसत होती. आणि तू फोनमधून म्हणालास, "आबा, घाबरू नका. हे जुनं कोण आठवून देतंय माहीत आहे ना? तो आरोप करणारा आहे, सैतान आहे. त्याचं ऐकू नका. सगळं पुसलं गेलंय."

आबा म्हणाले, "पन ती..."

तू म्हणालास, "पण नाही, आबा. माझ्यामागे म्हणा. प्रभू, मी तुझा आहे."

आबांनी आईकडे बघत बघत म्हटलं. एकदा, दोनदा. तुझा आवाज इतका प्रेमळ होता. लहानपणी मला ताप आला की तू असाच बोलायचास. त्यांचा चेहरा हळूहळू सैल पडला. ते आईकडे बघून हसले. सुटल्यासारखे. मग डोळे मिटले, आणि संध्याकाळी गेले ते डोळे न उघडता.

तू म्हणतोस तसंच झालं. एकही ओझं नव्हतं. ते तू उतरवून घेतलंस, आणि उंबऱ्यावर आई ते घ्यायला उभी होती. जन्मभर तेवढ्यासाठी थांबली होती ती. फार तर चार शब्द. ते तिच्यापासून चार हातांवर होते, दादा, आणि ते तू परत फिरवलेस. आबांनी नाही. या वेळी आबांनी दार उघडलं होतं. तू ओढलंस.

मी फोन बंद करू शकले असते. केला नाही. मला वाटलं, तू आता सांगशील, विचारा आबा, विचारा. शेवटपर्यंत मला तसं वाटत होतं.

आई आत गेली. भांडं घासून पालथं घातलं.

काल तू गेल्यावर तिने मला विचारलं, "तो इचारनार व्हता ना गं?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मला वाटलंच." थोड्या वेळाने म्हणाली, "भूषणला सांगू नको. त्याच्या जिवाला लागंल. त्याला काय म्हाईत, मी तिथं उभी हाय."

ती सांगू नको म्हणाली. मी सांगते आहे. तुझी शांती मला बघवत नाही.

आता तुझी पाळी. मी तुला शास्त्र विचारत नाही. कृपा खरी असेल, तारण खरं असेल, आबा तिथे पोहोचलेही असतील. पण इथे कामतघरला एक बाई बसलीय जिचं तू काहीतरी घेतलंयस. ये आणि तिच्यासमोर बस. नवापूरची गाडी रोज असते.

दिना

२२ एप्रिल २०२५

दादा,

तुझं पत्र आलं. पाकिटावरचं अक्षर आईने ओळखलं आणि वाच म्हणाली. मी तुला सगळं कळवलंय हे तिला तेव्हाच समजलं. मला एक शब्द बोलली नाही. वाच, एवढंच.

ती आता परत आपल्या खोलीत राहते. आबांची खाट तिने काढून टाकली. तुझा आणि माझा शाळेतला फोटो भिंतीवर आहे, त्याखाली बसून मी वाचलं.

तू लिहिलंयस की माझं पत्र वाचून तू कोसळलास. तीन दिवस उपास केलास. जेवण नाही, पाणीसुद्धा मोजकंच. मंडळीतली माणसं तुझ्यासाठी प्रार्थनेला बसली. इथपर्यंत वाचलं तेव्हा आईने डोळ्यांना पदर लावला. म्हणाली, "पोरगा उपाशी ऱ्हायला गं." मला वाटलं, आता पुढच्या ओळीत तू गाडीची वेळ लिहिली असशील. आईलाही तसंच वाटलं असणार. तिने चुलीकडे पाहिलं. तू आलास तर काय करायचं, हे तिच्या डोक्यात सुरू झालं होतं, मला माहीत आहे.

पुढे तू लिहिलंयस की तिसऱ्या दिवशी पहाटे तू सगळं प्रभूच्या चरणी ठेवलंस, रडून क्षमा मागितलीस, आणि तुला मोठी शांती मिळाली. त्याने तुला माफ केलं याची तुला खात्री पटली. आईला सलाम सांग. पुढच्या महिन्यात मंडळीचं अधिवेशन आहे. दिवाळीनंतर येण्याचं बघतो.

मी पत्राची घडी घातली. आईने विचारलं, "माफी मागितली म्हनतो?"

म्हटलं, हो.

"कोनाकडं?"

मी पत्र पाकिटात घातलं. लूम चालू होते. आई बराच वेळ मांडीवरच्या हाताकडे बघत बसली. मग म्हणाली, "ह्यानं पन तिकडंच मागितली."

रडली नाही. उठली, ट्रंक उघडली आणि ती हिरवी जरीची साडी काढली, साक्षीच्या दिवशी नेसली होती ती. काठाला दात लावून डाव्या हाताने लांब पट्टी फाडली. चौकटीची जुनी चिंधी पार विरली होती, ती सोडली आणि नवीन गुंडाळायला बसली. मी गाठ मारायला पुढे झाले, तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे, मला येतं."

मी पुन्हा लिहिणार नाही. पत्ता तोच आहे. आईच्या दाराला दिवसा कडी नसते, नुसतं लोटलेलं असतं. येशील तेव्हा हळू उघड.

दिना